उस्तादांची सरळ पट्टी

मित्रांनो, मी एका कारखान्यातला जुना लेझर आहे. चकचकीत पोलाद माझा उजेड परतवून लावतं, म्हणून मला चालवणारे उस्ताद आधी प्रत्येक दातेरी चाकाला काळा लेप लावायचे. मग मी त्याचा पृष्ठभाग क्षणभर तापवायचो आणि चाक कणखर व्हायचं. माझी चाकं झिजत नाहीत, असं गिऱ्हाइकं कौतुकाने सांगत. उस्तादांना मात्र वाकडं काम अजिबात खपत नसे.

पुढे नवं यंत्र आलं. उस्ताद निवृत्त झाले आणि मी कोपऱ्यात गेलो. कुणीही यावं आणि माझ्या डोक्यावर डबा ठेवावा! फार वाईट वाटायचं, पण सांगणार कुणाला?

मग उस्तादांची लेक इथेच इंजिनियर म्हणून आली. आजारपणानंतर तिच्या आईच्या उजव्या हाताची बोटं मिटून बसली होती. लेकीने मला एका खास धातूची पावडर सोडणारी तोटी बसवली. ती पावडर वितळवून, थरावर थर चढवून मी एक पट्टी छापायची होती. अशी पट्टी भट्टीत ज्या आकारात तापवावी, तो आकार ती लक्षात ठेवते. नंतर कशीही वाकवा, ऊब मिळाली की पुन्हा तशीच होते. हातमोज्यात शिवलेली पट्टी आईची बोटं हळूहळू उघडणार होती.

पहिली पट्टी छापली. हलका बाक देऊन ती भट्टीत ठेवायचं काम मदतीला आलेल्या उस्तादांकडे होतं. हातमोजा घालताच आईची बोटं एकदम ताणली गेली आणि ती कळवळली. सगळ्यांनी खापर माझ्यावर फोडलं. पावडर एकाच पट्टीपुरती उरली होती. ती माझ्यावर वाया न घालवता मला भंगारात काढायचं ठरू लागलं.

तेव्हा उस्ताद खाली मान घालून म्हणाले, "त्याला बोल लावू नकोस. वाकडी दिसली, म्हणून भट्टीत ठेवताना मीच आवळून सरळ केली गं."

 लेक म्हणाली, "बाबा, आता बाक तुम्हीच ठरवा. आईचा हात तुमच्याइतका कुणाला ठाऊक आहे?"

उस्तादांनी घरी जाऊन आईचा हात हातात घेतला आणि तिला दुखणार नाही इतपत बाक तारेने मापून आणला. माझं भिंगही त्यांनी स्वतः पुसलं. मी जीव ओतून दुसरी पट्टी छापली.

मित्रांनो, काम फसलं तर यंत्राला मोडीत काढण्याआधी थोडी चौकशी करा. चूक आपली निघाली, तर उस्तादांसारखी सांगून टाका.

दोन महिन्यांनी आई कारखान्यात आली. सगळी बोटं अजून उघडली नव्हती. "हे मला जमतंय का बघू," म्हणत तिने एक बोट पुढे केलं आणि माझं बटण दाबलं. मी सुरू झालो.