डावीकडची खुर्ची

पाचला दोन मिनिटं कमी होती, म्हणून एकनाथने बेलपाशी नेलेलं बोट मागे घेतलं.

"का हो?" प्रभावतीने विचारलं.

"पाच वाजू देत."

"एवढ्या उन्हात?"

"यांच्यात वेळेआधी येणं बरं दिसत नाही. पाहुणे बाहेर गाडीत बसून राहतात, पण बेल वाजवत नाहीत."

जूनची उन्हं मस्कतमधल्या अल खौदच्या त्या गल्लीतल्या पांढऱ्या भिंतींवरून परतून डोळ्यांत येत होती. प्रभावतीने पदर कपाळावर ओढला आणि आंबापोळीचा डबा या हातातून त्या हातात घेतला. एकनाथ या बंगल्यात अकरा वर्षं स्वयंपाक करत होता. मागच्या अंगणातल्या खोलीत राहायचा, मागच्याच दाराने आत शिरायचा. पुढची बेल त्याने आजवर फक्त आतून ऐकली होती.

कारिनबाईंनी सकाळीच बजावलं होतं, पाचला या, पुढच्या दाराने या आणि आज स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. बाई आणि त्यांचा नवरा योरानसाहेब मूळचे स्वीडनचे. साहेब इथल्या विद्यापीठात भूजल शिकवत. त्यांचा करार संपला होता आणि महिनाअखेरीला दोघं कायमची परत जाणार होती. एकनाथही चिपळूणजवळच्या आपल्या गावी निघाला होता, तोही कायमचाच. त्याआधी बायकोने एकदा मस्कत बघावं म्हणून बाईंनीच खटपट करून प्रभावतीचा महिन्याचा व्हिसा मिळवला होता.

पाच वाजले. एकनाथने बेल दाबली.

दार लगेच उघडलं, जणू आतही कोणी घड्याळ बघत उभं होतं. बाईंनी हात पुढे केला. प्रभावती नमस्कार करायला निघाली होती. डबा काखेत धरून तिने हात मिळवला. मग साहेबांशी. मग ती वाकून चपला काढू लागली, तर साहेबही मोजे घालूनच उभे होते.

"यांच्यातही चपला दारात काढतात?" तिने हळूच विचारलं.

"यांच्यातही."

तिला जरा धीर आला. पण बाईंनी डबा तिथल्या तिथे उघडला, आंबापोळीचा तुकडा मोडून तोंडात टाकला आणि दुसरा साहेबांना दिला, तेव्हा ती पुन्हा गोंधळली. दिलेली वस्तू माणसासमोर कशी उघडायची?

टेबल चौघांपुरतं मांडलं होतं. बाईंनी आपल्या डावीकडची खुर्ची ओढली.

"एकनाथ, तू इथे."

तो जागचा हलला नाही. ती खुर्ची त्याला चांगली माहीत होती. बाईंच्या डावीकडे मानाचा पाहुणा बसतो आणि जेवण संपता संपता ग्लासावर चमचा वाजवून त्याने यजमानांचे आभार मानायचे असतात. ते भाषण चालू असताना एकनाथ कॉफीचा ट्रे घेऊन दाराआड उभा राहायचा. टाळ्या वाजल्या की आत जायचं, एवढंच त्याचं काम.

"मॅडम, मी तिकडे बसतो," तो म्हणाला. त्याचं इंग्रजी तोडकं होतं, पण कधी अडलं नव्हतं.

"आज मॅडम नाही. कारिन."

तो बसला. समोर प्रभावती, तिच्या शेजारी साहेब.

स्वयंपाक बाईंनी केला होता. ओव्हनमध्ये भाजलेला रावस आणि शेपू घालून उकडलेले छोटे बटाटे. बटाटे अंमळ जास्त शिजले होते आणि माशात मीठ कमी होतं. एकनाथचा हात मिठाकडे गेला आणि मध्येच पाण्याच्या ग्लासाकडे वळला. वाढायला कोणी उठलं नाही. भांडी हातोहात फिरत होती आणि ज्याने त्याने वाढून घ्यायचं होतं. प्रभावतीने साहेबांच्या ताटात बटाटे वाढले, मग एकनाथच्या. आपल्या ताटात दोनच घेतले.

साहेबांनी ग्लास उचलला. या दोघांसाठी लिंबाचं सरबत केलं होतं. ग्लास उचलायचा, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, घोट घ्यायचा, पुन्हा बघायचं आणि मगच ग्लास खाली ठेवायचा. ही रीत एकनाथने शेकडो वेळा पाहिली होती. आज तो बाईंकडे वळला. त्यांचे डोळे घारे आहेत, हे त्याला अकरा वर्षांत ठाऊक नव्हतं.

गप्पा बेताच्याच झाल्या. गावाकडचा पाऊस, साहेबांच्या गावातला बर्फ. मध्येच सगळे गप्प होत आणि त्या गप्प बसण्याचं त्या नवराबायकोला काहीच वाटत नसे. एकनाथ मात्र मनातल्या मनात चार वाक्यं घोकत होता. ताटं रिकामी झाली. त्याने ग्लासावर चमचा वाजवला आणि उठला.

"मॅडम... कारिन. सर. जेवण फार छान. अकरा वर्षं..."

पुढचं काही येईना. रात्री पाठ केलेली चार वाक्यं कुठे गेली कळेना. त्याने छातीवर हात ठेवला, मान लववली आणि खाली बसला.

"काय झालं?" प्रभावतीने विचारलं.

"जेवणाचे आभार मानायचे असतात."

"कोणी?"

"पाहुण्याने."

"मग मीही पाहुणीच आहे की," ती म्हणाली आणि पदर सावरून उभी राहिली.

"अगं, तू कशाला..."

ती बाईंकडे बघून मराठीतच बोलू लागली, शेजारणीशी बोलावं तशी.

"जेवण चांगलं होतं. बटाट्यात शेपू घालतात हे मला माहीत नव्हतं. तुम्ही अकरा वर्षं यांच्या हातचं जेवलात. रोज पानावरून उठताना यांना थँक्यू म्हणता, हे फोनवर हसून सांगायचे. मला ते ऐकायला आवडायचं. यांच्या हाताला चव आहे असं तुम्ही म्हणता, तेव्हा असेलच. मी काही खाल्लेलं नाही. घरी आले की पाटावर बसतात आणि मी वाढते, इथल्या खोलीतही तेच. तक्रार नाही माझी. पण एकोणीस वर्षं झाली लग्नाला, आज पहिल्यांदा आम्ही एका वेळी जेवायला बसलो. तेवढ्यासाठी आभार."

ती बसली. बाईंनी एकनाथकडे पाहिलं.

"ती म्हणते, जेवण फार चांगलं होतं," एकनाथ म्हणाला. "बटाट्यात शेपू, हे तिला नवीन."

आपल्याकडे असतं तर कोणीतरी 'वा वा' म्हटलं असतं, कोणी हसलं असतं आणि विषय तिथेच बुडाला असता. इथे कोणी काही बोललं नाही. प्रभावती बराच वेळ बोलली होती, हे दोघांनाही दिसलं होतं. बाई हात मांडीवर ठेवून वाट पाहत राहिल्या. साहेबही. कोणालाच घाई नव्हती.

एकनाथने रुमालाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"आणखी म्हणते..." तो म्हणाला. मग एकेक वाक्य शोधत त्याने सगळं सांगितलं. पाटाचं, वाढण्याचं, फोनवर हसण्याचं. शेवटचं वाक्य त्याने सांगितलं तेव्हा त्याची नजर टेबलावर होती.

"ताक्, प्रभावती," बाईंनी आपल्या भाषेत आभार मानले. तिच्या हातावर त्यांनी क्षणभर हात ठेवला. बस्स, तेवढंच.

साहेब उठून ताटं गोळा करू लागले. एकनाथ सवयीने उठला, तर त्यांनी मानेनेच खूण केली. तो पुन्हा बसला. आत नळ सुरू झाला. साहेब भांडी घासत होते आणि कॉफी बाईंनी आणली.

दोघं पुढच्याच दाराने बाहेर पडली. ऊन डोंगरामागे उतरलं होतं आणि भिंतींची तलखी अजून अंगाला लागत होती. मागच्या फाटकाकडे जायला बंगल्याला वळसा घालावा लागे.

"रागावलात?" प्रभावतीने विचारलं.

"नाही." थोडं चालून तो म्हणाला, "प्रभा, तुला काय आवडतं?"

"कशातलं?"

"खाण्यातलं."

ती चालत राहिली.

"असं एकदम काय सांगू?"

"आठवून सांग."

"फणसाची भाजी आवडत नाही," ती म्हणाली. "एवढं नक्की."

एकनाथ थांबला. दर सुट्टीत तो घरी पोचला की पहिल्या दिवशी कोवळ्या फणसाचीच भाजी व्हायची. त्याने मागितलेली. पहाटेच हाताला तेल लावून ती फणस चिरायला बसायची. मग त्याचं जेवण झालं की उरलेली भाजी घेऊन स्वयंपाकघरात जेवायला बसायची.

"कधीपासून?"

"लहानपणापासून," प्रभावती म्हणाली आणि फाटकाची कडी काढायला पुढे झाली.