पाट्यासह लॉरी

उद्यापासून महाराष्ट्र राज्य होणार, आणि आज संध्याकाळी लालबागच्या चाळीची लॉरी शिवाजी पार्काकडे निघणार, एवढ्या दोन गोष्टींवर बकुळा सकाळपासून तरंगत होती. भाकरी थापताना तिचे हात ताल धरत होते. बाबूला न्हाऊ घालताना तिने त्याच्या ओल्या टाळूचे इतके पापे घेतले, की शेवटी तो पाच महिन्यांचा जीव कंटाळून शिंकला.

नवी नवरी म्हणून ती चाळीत आली तेव्हापासून तिने एकही मोर्चा चुकवला नव्हता. घोषणा देऊन देऊन घसा बसायचा, मग घरी खुणांनी बोलायची. पण बाबू झाला आणि तिचं जग दहा बाय दहाच्या खोलीत आणि गॅलरीच्या कठड्यापर्यंत येऊन थांबलं. सासूबाईंनी, म्हणजे कमळाबाईंनी, आठ दिवस विनवण्या ऐकून निकाल दिला होता : "लॉरीत बसान जातंस तर जा. त्या गर्दीत पोराक घेऊन चालत जाऊक मी देवचंय नाय."

म्हणजे लॉरी निघाली तर बकुळा निघणार. लॉरी राहिली तर ती कठड्याशी उभी राहून लोकांच्या पाठी बघणार.

लॉरी होती रामजीभाऊंची, आणि ती ठाकठीक करायचं काम होतं बकुळेच्या नवऱ्याचं. जयवंत पुलाजवळच्या गॅरेजात मिस्त्री होता. दोन दिवस तो लॉरीच्या पोटाखालीच राहत होता म्हटलं तरी चालेल.

दुपारी पहिली पाळी सुटली आणि शेजारचे दौलतमामा गॅलरीतूनच ओरडत आले. गिरणीच्या साचेखात्यात, मागांच्या खडखडाटात वीस वर्षं काढलेला माणूस, हळू बोलणं त्यांना ठाऊकच नव्हतं. "बकुळे! जयवंता म्हणतो, पाटा मोडला! घरचा पाटा पाठव! त्याशिवाय लॉरी हलत नाय!"

बकुळेने कपाळाला हात लावला. गॅरेजात आज मटणाचा बेत आहे, हे तिला ठाऊक होतं. "बघा मामा, वाटणाशिवाय यांची लॉरी हलत नाही! पोटात पडल्याशिवाय कसली हलतेय!"

तिने बाबूला सासूबाईंच्या मांडीवर दिलं, पाट्यावरची सकाळची मिरची धुतली, आणि शेजारच्या चंपाला हाक मारली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटा.

"आणि वरवंटा?" चंपाने विचारलं.

"घे की. नुसत्या पाट्यावर काय कोपराने वाटतील?"

दोघी रस्त्यात उतरल्या. माथ्यावर पताका, नाक्यानाक्यावर कमानी, कुठे ढोल तापवणं चाललेलं. पाटा डोक्यात रुतत होता आणि तरी बकुळेला हसू फुटत होतं. कितीतरी दिवसांनी ती अशी रस्त्यावर होती!

"काय गं बायांनो, पाट्याची मिरवणूक काढली काय?" पानवाल्याने विचारलं.

चंपाने वरवंटा मुठीसारखा वर केला. "पाट्यासह संयुक्त महाराष्ट्र..."

"झालाच पाहिजे!" अख्खा नाका ओरडला. दोन पोरींनी तर पाट्याला नमस्कारही केला. हसता हसता बकुळेची मान अशी हलली, की चंपाने पाटा धरला म्हणून तो कुणाच्या पायावर पडला नाही.

गॅरेजात लॉरी लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली होती. खालून जयवंताचे दोन पाय तेवढे दिसत होते.

"अहो, आणला!"

पाय सरकले, पोट आलं, मग ग्रीस लागलेलं तोंड आलं. त्याने पाट्याकडे पाहिलं. चंपाच्या हाताकडे पाहिलं.

"हे काय?"

"पाटा."

"आणि ते?"

"वरवंटा," चंपा म्हणाली. "तुम्ही मागितला नव्हता, पण आम्हाला कळतं."

रामजीभाऊ टायरवर बसले होते, ते हसत हसत टायरच्या आत गेले. त्यांना दोघांनी ओढून काढावं लागलं.

"अगं बाई," जयवंत रडकुंडीला येऊन म्हणाला, "लॉरीचा पाटा! हे बघ." त्याने तिला वाकवून चाकाच्या वर दाखवलं. लोखंडाच्या लांब वाकड्या पट्ट्या, एकीखाली एक, पापडासारख्या रचलेल्या. "खड्डा आला की हे पाटे दबतात, परत उठतात. म्हणून वरच्या माणसाची हाडं शाबूत राहतात. दोन्ही टोकांना कडीसारखा वेढा असतो तो वरचा मोठा पाटा, तोच मोडलाय. म्हणून लॉरी डावीकडे झुकलीय."

"समितीची लॉरी," रामजीभाऊ डोळे पुसत म्हणाले, "ती उजवीकडे कशी झुकेल?"

"आणि स्टिअरिंग?" बकुळेने विचारलं. तिला आता सगळं कळून घ्यायचं होतं.

"त्याचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, काढला. आधी पाव चक्कर फिरवलं तरी गाडी आपल्याच विचारात."

"म्हणजे तुमच्यासारखी."

जयवंताने हाताचं ग्रीस फडक्याला पुसलं. "चोरबाजारातून आणलेला तो जुना पाटा, गोणपाटात गुंडाळलेला. खाटेखाली ठेवला होता. तो आण. नाहीतर लॉरी इथेच."

बकुळेचं हसू एकदम थांबलं. तो कुठे आहे ते तिला ठाऊक होतं.

बाळाच्या उशाशी लोखंड हवं. कुणाकडे अडकित्ता असतो, कुणाकडे विळी. कमळाबाईंना खाटेखाली हे अडीच-तीन हात लांब लोखंड सापडलं तेव्हा त्या हरखून गेल्या होत्या. एवढं लोखंड असल्यावर कुणाची दृष्ट लागायची हिंमत आहे? बाराव्या दिवसापासून बाबू लॉरीच्या पाट्याच्या राखणीत झोपत होता.

ती धावतच घरी आली. छाती भरून आली होती, चोळी ओली झाली होती. बाबूला पदराखाली घेतलं तेव्हा तो असा तुटून पडला, की दोन क्षण ती लॉरीच विसरली. मग हळूच विषय काढला.

"माझ्या नातवाचा लोखंड?" कमळाबाई खाटेसमोर पाय पसरून बसल्या. "खुळी की काय गो तू? आज सगळ्या मुंबईची नजर रस्त्यार, आणि आजच काढूचा?"

"आई, काढतंय कोण?" बकुळेने बाबूची इवलीशी मूठ सासूच्या हातात दिली. "लोखंड लॉरीखाली, बाबू लॉरीत. इथे उशाशी, तिथे पायाशी. उलट इथेच ठेवलं आणि मी त्याला घेऊन गेले, तर तो उघडाच पडेल की!"

कमळाबाईंनी ती मूठ हळूच सोडवली. मग गोणपाट स्वतः ओढून काढलं. "मग मीय येतंय. ह्या पोराच्या बापाचो काय भरवसो? बोल्ट सैल ठेवीत."

आणि त्या खरोखर गॅरेजात जाऊन बसल्या. मोडका पाटा निघाला, जुना चढला, मोठाल्या बोल्टांनी सगळे थर आवळले गेले, आणि दर आवळण्याला "आणखी!" असं वरून फर्मान. जयवंताने चाकांना सुतळी ताणून ती सरळ आहेत ना ते पाहिलं, ठोकळे काढले. लॉरी किंचित दबली, आणि ताठ उभी राहिली.

संध्याकाळी ती निघाली. स्टिअरिंगवर जयवंत; वर ढोल, लेझीम, अर्धी चाळ. केबिनच्या पाठीला लागून फळीला टेकलेली बकुळा, तिच्या पदरात बाबू, आणि बाजूला नातवाच्या लोखंडावर पहारा द्यायला आलेल्या कमळाबाई. परळच्या वळणावर जयवंताने चाक जरासं फिरवलं आणि लॉरी शहाण्यासारखी वळली. बकुळा ओरडत होती, तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता, आणि त्याचीच तिला मजा वाटत होती.

मग खड्डा आला. मोठाच. सगळी लॉरी खाली गेली, झुलली, वर आली. बकुळेने बाबूला घट्ट धरलं. आता रडणार म्हणून तोंडाकडे पाहते, तर बाबू खिदळत होता. आवाज करून, पोटातून, जन्मात पहिल्यांदा.

कमळाबाईंनी दोन्ही हातांनी केबिनच्या टपावर धडाधड थापा मारल्या.

"झिला! गाडी मागे घे रे! परत घाल त्याच खड्ड्यात!"