दुसऱ्या घराण्याची गोळी

गोदीवर तिला सगळे घार म्हणत. क्रेनच्या उंच केबिनमध्ये बसून ती लोखंडी कंटेनर असा अलगद टेकवायची, की खालच्याला फक्त सावली सरकल्याचं कळावं. पण लहानपणापासून तिचं लक्ष एका जागी ठरत नसे. दूध उतू जाई, बोलता बोलता वाक्य अर्धंच राही. मोठेपणी डॉक्टरांनी त्या त्रासाला नाव दिलं, गोळी सुरू केली, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

त्या गोळीने छातीत धडधडायला लागलं, म्हणून यंदा डॉक्टरांनी ती बदलली. नवी अंगाला मानवेपर्यंत घार जमिनीवरच काम करत होती. गोदीच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून हिरवा कंदील दाखवला, मगच ती वर चढली.

आणि वार्षिक लघवी तपासणीत पट्टीवर नशेची खूण उमटली.

मॅनेजरसाहेबांनी भर हजेरीत, सगळ्या पाळीसमोर, तिच्याकडून क्रेनची चावी काढून घेतली. मग तिला ऑफिसात नेऊन, दार लावून म्हणाले, "मागच्या वर्षी तपासणी साफ होती. यंदा काय दिवे लावलेत?"

"मागच्या वर्षी गोळी दुसरी होती," घार म्हणाली. "काम दोघींचं एकच, घराणी वेगळी. जुनी तुमच्या पट्टीवर दिसत नाही, नवी दिसते. डॉक्टरीणबाईंना मी आधीच सांगितलंय."

"म्हणजे नशेच्या पंगतीतलीच ना?"

"म्हणून तर औषधवाला ती कुलपात ठेवतो. दर महिन्याला नवी चिठ्ठी, वर ओळखपत्र. रस्त्यावर माल विकणारा ओळखपत्र मागतो का साहेब?"

साहेबांनी सूर बदलला. "हे बघा, वाढवू नका. जुनी गोळी घ्या, नाहीतर कायमचं खाली काम करा. आणि पुन्हा असं होणार नाही, एवढं लिहून द्या."

"काय होणार नाही? आजारी पडणार नाही?" तिचा आवाज चढला. "माझं औषध माझे डॉक्टर ठरवतील. नमुन्याची दुसरी सीलबंद बाटली मोठ्या लॅबला पाठवा. तोवर मी घरी बसते."

घरी नवरा हवालदिल झाला. "अगं, दे ना लिहून! पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?"

सासूबाई शेंगा सोलता सोलता कडाडल्या. "तू गप रे! चष्मा लावला म्हणून कुणी आंधळ्याला चोर म्हणतं का?"

"आई, आंधळा चष्मा कशाला लावेल?"

"तेच म्हणतेय मी!"

घारीला हसू फुटलं. पण दुपारी तिच्या पाळीतल्या, खालून क्रेनला हाताने खुणा करणाऱ्या इशारेवाल्याचा फोन आला. "खरं सांग, घेतेस का काही?" इतकी वर्षं तिच्या कंटेनरखाली बिनघोर उभा राहणारा हा माणूस! फोन ठेवून तिने उरलेल्या शेंगा पुढ्यात ओढल्या. लिहून मात्र दिलं नाही.

लॅबने निर्वाळा दिला: चिठ्ठीवरच्या औषधाचाच अंश आहे, दुसरं काही नाही. डॉक्टरीणबाईंनीही ठणकावलं, की बाई वर चढायला ठणठणीत आहे.

साहेबांनी चावी टेबलावरून सरकवली. "झालं गेलं विसरा. गुपचूप कामाला लागा."

"चावी काढलीत चारचौघांत, आणि देताय दार लावून? हजेरीत सांगा."

"ते जमणार नाही."

"मग मी सांगते."

आणि तिने सांगितलं. हजेरीत पुढे येऊन आजाराचं नाव सांगितलं, गोळीचं सांगितलं, लॅबचा निकाल सांगितला. साहेब घड्याळात बघत उभे होते.

इशारेवाल्याने चाचरत विचारलं, "पण... डोकं ठिकाणावर असतं ना?"

"गोळी घेतली की असतं. तुझं कशाने असतं?"

हशा पिकला. पाळीतले दोघे जण मात्र हसले नाहीत. त्यांनी त्याच दिवशी दुसऱ्या क्रेनवर बदली मागून घेतली.

"जाऊ देत," म्हणत घारीने हातमोजे चढवले आणि शिडीला हात घातला. खाली इशारेवाला आपल्या नेहमीच्या जागी जाऊन उभा राहिला.