पुढच्या चाकाजवळचा कॅन

बुधवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी चेनसॉ बंद पडली. तिची पट्टी आडव्या पडलेल्या बुंध्यात अर्ध्याहून जास्त शिरली होती. आवाज आधी चढला, मग अडखळला आणि एकदम थांबला. सुनेने स्टार्टरची दोरी ओढली. दोरी हलली नाही. तिने मागच्या मुठीत बूट रोवून दोन्ही हातांनी ओढून पाहिली, तरी नाही.

लाकडात पाचर ठोकून तिने पट्टी सोडवली आणि मशीन खांद्यावर टाकून घराकडे निघाली. मागच्या आठवड्यातल्या वाऱ्याने सात झाडं पाडली होती आणि वरच्या शेताकडे जाणारा रस्ता त्यातल्या तीन झाडांनी अडवला होता. हे पहिलंच होतं.

त्या घरात चेनसॉ सून चालवायची, ट्रॅक्टर तिचा नवरा, आणि त्या दोघांना सासूबाई.

सासूबाई स्वयंपाकघरात होत्या. सुनेने मशीन वर्तमानपत्रावर ठेवली आणि झालं ते सांगितलं. तिचा नवरा मागच्या दाराने आत आला, त्याने स्वतः एकदा दोरी ओढून पाहिली आणि म्हणाला, "जाम झाली. काल तात्या हात लावून गेले, आज जाम झाली. आता यावर मी काही बोललो तर तुम्ही म्हणाल बोलला."

"मग बोलू नकोस," सासूबाई म्हणाल्या.

"आई, शोरूमवाला शुक्रवारी चार वाजता येणार आहे. फॉर्मवर सही तुझी लागते."

तो फॉर्म फ्रिजवर ठेवलेला होता. त्यात लिहिलं होतं ते असं: नवा ट्रॅक्टर, चारही चाकांना जोर असलेला, पुढे लोडर बसवलेला, बदल्यात जुना ट्रॅक्टर द्यायचा, आणि पाच वर्षं घरातल्या सगळ्या इंजिनांची देखभाल शोरूमकडे. ट्रॅक्टर, पंप, दोन्ही चेनसॉ. मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता शोरूमचा माणूस तो ट्रॅक्टर तीन दिवसांच्या चाचणीसाठी आणून शेडमध्ये लावून गेला होता. जुना बाहेर ताडपत्रीखाली उभा होता. मुलाचं म्हणणं साधं होतं. चढावर जुन्याची मागची चाकं जागीच फिरतात, ओंडके उचलायला त्याला हात नाहीत, आणि सात झाडं वाट बघणार नाहीत. यात चूक काही नव्हती.

फॉर्मवर सही झाली की तात्यांचं काम मात्र संपत होतं. तात्या म्हणजे मेकॅनिक. सव्वीस वर्षं या घरातली इंजिनं त्यांच्या हाताखालून गेली होती. बाकीची घरं एकेक करून शोरूमकडे गेली. आता त्यांच्याकडे हे एकच उरलं होतं, आणि ते त्यांनाही माहीत होतं, सासूबाईंनाही.

"तात्यांना बोलाव," सासूबाई मुलाला म्हणाल्या. "ज्याने मशीन मारली त्याच्या हातात पुन्हा मशीन द्यायची नाही. पण आधी कोणी मारली ते कळू दे."

आठ चाळीसला तात्या आले. त्यांनी चहा घेतला नाही. चार स्क्रू काढून सायलेन्सर बाजूला केला, मशीन खिडकीकडे तिरकी धरली आणि बॅटरीचा झोत आत टाकला. मग ती सुनेपुढे सरकवली.

"सूनबाई, तुम्हीच बघा. माझ्यावर विश्वास नको."

सिलिंडरच्या भोकातून पिस्टन दिसत होता. तो गुळगुळीत असायला हवा होता. त्यावर वरून खाली ओरखडे होते, बोट फिरवलं तर नखाला अडतील इतके खोल.

"तेल मिळालं नाही हिला," तात्या म्हणाले. "हिचं तेल पेट्रोलमधूनच जातं. त्यामुळे कारणं दोनच. एक, कार्बोरेटरचा स्क्रू मी जास्त आत फिरवला. पेट्रोल कमी गेलं, त्याबरोबर तेलही कमी गेलं. दोन, पेट्रोलमध्ये तेलच नव्हतं. पहिलं असेल तर मी. दुसरं असेल तर तुम्ही घरचे."

"आम्ही अकरा वर्षं एकाच मापाने तेल घालतोय," मुलगा म्हणाला. "लिटरला वीस मिली."

"मी सव्वीस वर्षं एकाच कानाने स्क्रू लावतोय. म्हणून काय झालं?" तात्या सुनेकडे वळले. "काल मी गेल्यावर चालवून पाहिली होती ना? आवाज कसा होता?"

सून म्हणाली, "किंचित उंच वाटला. पण चेनला नवी धार होती. म्हटलं, त्यानेच असेल."

तात्यांनी मान हलवली. मुलाने फ्रिजकडे पाहिलं.

शंका सुनेलाच आली. तिने मशीनच्या टाकीत उरलेलं पेट्रोल काचेच्या वाटीत काढलं, त्याचा एक थेंब कोऱ्या कागदावर टाकला आणि कागद खिडकीत धरला. साधं पेट्रोल उडून जातं, कागद कोरा राहतो. तेल मिसळलेलं असेल तर थेंबाच्या जागी तेलकट डाग उरतो. दोन मिनिटं चौघं जण त्या कागदाकडे पाहत उभे होते.

कागद कोरा राहिला.

"पण मी पुढच्या चाकाजवळच्या कॅनमधूनच भरलं," सून म्हणाली.

हे थोडं सांगायला हवं. घरात पेट्रोलचे दोन कॅन होते, सारख्याच आकाराचे आणि सारख्याच रंगाचे. एकात पंपासाठी साधं पेट्रोल, दुसऱ्यात चेनसॉसाठी तेल मिसळलेलं. सुरुवातीला त्यांच्यावर मार्करने लिहिलं होतं. ते पेट्रोलनेच पुसून टाकलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. शेवटी ठरलं की तेलाचा कॅन ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाजवळ आणि साधा मागच्या चाकाजवळ ठेवायचा. शेड अरुंद होती आणि ट्रॅक्टर नेहमी एकाच जागी उभा असायचा. चाक चाचपलं की अंधारातही हात बरोबर कॅनवर जायचा. अकरा वर्षांत एकदाही चूक झाली नव्हती.

चौघं शेडमध्ये गेले. सुनेने दोन्ही कॅनमधला एकेक थेंब कागदावर टाकला. पुढच्या चाकाजवळच्याचा डाग उरला नाही. मागच्या चाकाजवळच्याचा उरला.

"कॅन कोणी बदलले?" सासूबाईंनी विचारलं.

"मी नाही," मुलगा म्हणाला.

"मी नाही," सून म्हणाली.

"माझ्याकडे बघू नका वहिनी, मी काल दुपारीच गेलो," तात्या म्हणाले.

"म्हणजे कॅनला पाय फुटले," सासूबाई म्हणाल्या.

मुलगा डोकं खाजवत म्हणाला, "आज सकाळी पंप धूर टाकत होता. निळा धूर. म्हटलं, संध्याकाळी तात्यांच्या नावाने ओरडू."

"तेवढ्यासाठीच ठेवलंय मला," तात्या म्हणाले. "पंपात तेलाचं पेट्रोल गेलं, दुसरं काय. धूर टाकेल, पण मरणार नाही. कुठून भरलं होतंस?"

"मागच्या चाकाजवळून. नेहमीसारखं."

सून गुडघ्यांवर बसली होती. तिने आधी एक कॅन उचलला, मग दुसरा. फरशीवर दोन्हींच्या तळाशी काळपट गोल उमटलेले होते, वर्षानुवर्षांच्या ओघळांचे. कॅन आपापल्या गोलात चपखल बसत होते. बाजूला दुसरी कसलीही खूण नव्हती, घासल्याची नाही की सरकवल्याची नाही.

"कॅन हललेले नाहीत," ती म्हणाली.

मग ती उठली, शेडच्या दारात गेली आणि तिथून आत पाहिलं. नव्या ट्रॅक्टरचे दिवे तिच्या तोंडासमोर होते.

"अरे, हा उलटा लावलाय!"

जुना ट्रॅक्टर नेहमी तोंड आत करून लागायचा. नवा शेपटीने आत शिरला होता. जिथे कायम पुढचं चाक असायचं तिथे आता मागचं होतं. कॅन अकरा वर्षं होते तिथेच होते. चाकांनी जागा बदलली होती.

मुलाने तिथूनच शोरूमच्या माणसाला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"रिव्हर्सच लावतो आम्ही, साहेब," तिकडून आवाज आला. "पुढे लोडर आहे ना. सरळ घातला तर त्याची बादली भिंतीवरच्या फळीला लागते. का, काही नुकसान झालं का फळीचं?"

"फळी ठीक आहे," मुलगा म्हणाला आणि फोन बंद केला.

सासूबाई हसू दाबत होत्या. "कानामागून आला आणि तिखट झाला तो असा."

"आई, यात ट्रॅक्टरचा काय दोष?"

"मी कुठे म्हटलं दोष? पण दोन कॅनांना एक चिंधी बांधायला अकरा वर्षांत कोणाला सुचलं नाही. तुम्हाला नाही आणि मलाही नाही."

मुलगा तात्यांकडे वळला. पायाने जमीन उकरत म्हणाला, "तात्या, सकाळी मी जे बोललो... चोर सोडून संन्याशाला फाशी होत होती. राग धरू नका."

तात्यांनी राग धरला नाही, पण ते सुटल्यासारखेही दिसले नाहीत. ते कागदावरच्या डागाकडे पाहत होते.

"साध्या पेट्रोलवर ती मेलीच असती," ते म्हणाले. "प्रश्न एवढाच आहे, चांगल्या पेट्रोलवर मेली असती का? सूनबाई म्हणतात आवाज उंच होता. मला तो बरोबर वाटला होता."

"तात्या, झालं ना आता," सून म्हणाली.

"पेट्रोलचं झालं. माझं नाही झालं. शोरूमकडे मीटर असतं, इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं ते आकड्यात दाखवणारं. शुक्रवारी येताना त्याला घेऊन यायला सांगा."

"कशाला? हात दाखवून अवलक्षण," मुलगा म्हणाला. हे तो मनापासून म्हणत होता.

"हात नाही. कान दाखवायचाय."

शुक्रवारी चार वाजून पाच मिनिटांनी शोरूमचा माणूस आला. वयाने तरुण, इस्त्रीचा शर्ट, हातात मीटर. त्याला सगळी हकिकत सांगितल्यावर त्याने आधी माफी मागितली आणि मग विचारलं की त्याने नेमकं काय चुकीचं केलं. कोणालाच नीट सांगता आलं नाही.

घरातली दुसरी, लहान चेनसॉ शेडसमोर ओंडक्यावर ठेवली. तिच्या पुस्तकात पूर्ण वेगाची मर्यादा दिली होती, तेरा हजार फेरे. सुनेने तात्यांच्या देखत स्क्रू मुद्दाम बिघडवला. मशीन गरम झाल्यावर तात्यांनी ती पूर्ण वेगाने पळवली आणि लहान पेचकसाने स्क्रू आतबाहेर करत ऐकू लागले. आत फिरवला की पेट्रोल कमी होतं, आवाज चढतो. बाहेर काढला की आवाज जड होतो, किंचित गुरगुरतो. ती गुरगुर संपण्याच्या जरा आधी थांबायचं, अशी त्यांची रीत. ते थांबले. "हे बरोबर," म्हणाले.

मीटरवर तेरा हजार नऊशे होते.

तात्यांनी खिशातून खडूचा तुकडा काढला, शेडच्या दारावर आकडा लिहिला आणि म्हणाले, "पुन्हा बिघडवा."

दुसऱ्या वेळी ते मशीनच्या दुसऱ्या अंगाला जाऊन बसले, डावा कान तिच्याकडे करून. या वेळी त्यांना जास्त वेळ लागला. ते थांबले तेव्हा मीटरवर बारा हजार नऊशे आले.

"मर्यादेच्या काठावर," शोरूमचा माणूस म्हणाला. "हाताने लावलेलं एवढं जवळ मी तरी पाहिलं नाही, काका."

"आणि पहिलं?"

"पहिल्यावर ती फार दिवस चालली नसती."

"तेच विचारत होतो," तात्या म्हणाले आणि दुसरा आकडा पहिल्याच्या खाली लिहिला. मग सासूबाईंना म्हणाले, "वहिनी, मोठी मशीन लावताना मी उजवा कान तिच्याकडे करून बसलो होतो. सवय आहे. पिस्टन साध्या पेट्रोलने गेला हे खरं. पण माझा स्क्रूही चुकलेला असणार. हे तुम्हाला न सांगता राहिलो असतो तर चाललं असतं, पण मला झोप लागली नसती. सही करायची तर करा."

"मला घाई करू नका. तुम्हीही नाही आणि याच्या बापानेही नाही," मुलाकडे हात करत सासूबाई म्हणाल्या. मुलाचे वडील जाऊन नऊ वर्षं झाली होती. कोणी हसलं नाही, मग सगळेच हसले.

त्यांनी शोरूमच्या माणसाला विचारलं की देखभाल वगळून नुसता ट्रॅक्टर मिळेल का. तो म्हणाला की असं कोणी विचारलेलं नाही, वर विचारावं लागेल. जुना ट्रॅक्टर परत न देता मिळेल का, असं त्यांनी विचारलं. तेही वर विचारावं लागेल, तो म्हणाला. त्याने चाचणीची मुदत मंगळवार संध्याकाळपर्यंत वाढवून दिली आणि मीटर ठेवून गेला. मुलाने नवा ट्रॅक्टर शेडबाहेर काढला आणि जुना आत लावला, तोंड आत करून.

शनिवारी सकाळी सून तात्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी उजव्या कानात झोत टाकून पाहिलं. आत मळ घट्ट बसला होता. ऐकू कमी येतं ते त्यामुळे की वयामुळे, हे तो काढल्याशिवाय सांगता येणार नाही, असं ते म्हणाले. तीन दिवस थेंब घालायचे, मग कान धुवायचा.

"म्हणजे तुमचाही फिल्टर तुंबलाय," परतताना सून म्हणाली.

"असेल तर उत्तमच," तात्या म्हणाले. "नसेल तर सुटा भाग मिळत नाही." उरलेल्या रस्त्यात त्यांनी दोनदा तिला गाडीच्या इंजिनाचा पट्टा आवाज करतोय का, असं विचारलं. पट्टा आवाज करत होता.

रविवारी संध्याकाळपर्यंत हाती आलेली माहिती अशी. मोठ्या चेनसॉसाठी नवा सिलिंडर आणि पिस्टन मागवला आहे. रस्त्यावरची तीन झाडं तशीच आहेत. त्यातल्या एकाचा बुंधा अर्धा कापलेला आहे. शोरूमकडून दोन्ही प्रश्नांचं उत्तर आलेलं नाही. फॉर्म फ्रिजवर आहे, सहीची जागा रिकामी आहे. तात्यांना कान धुण्यासाठी मंगळवारी सकाळी साडेदहाची वेळ मिळाली असून तिथून ते मीटरपुढे उजवा कान तपासायला सरळ शेडवर येणार आहेत.