डाव्या दारातले चार किलो

मी एक जुना लोखंडी दांडा आहे. नाक मुरडू नका, आधी ऐकून तर घ्या! लांबीला दोन हात, वजनाला चार किलो. तीस वर्षांपूर्वी परदेशातल्या एका कारखान्यात मला एका लाल स्पोर्ट्स कारच्या डाव्या दारात, पत्र्याच्या आत, चार बोल्टांनी आवळून बसवलं. माझा जुळा भाऊ उजव्या दारात. गाडी दोनच माणसांची, म्हणून आम्हीही दोघंच.

मित्रांनो, आम्हाला कधी कुणी पाहिलं नाही. दसऱ्याला हार बॉनेटला, हळदकुंकू चाकांना. दाराच्या पोटातल्या दांड्याला कोण विचारतो? मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. माझं काम एकच होतं. कुणी बाजूनं येऊन धडकलं, तर दार आत येऊ द्यायचं नाही. तो दिवस येऊच नये, असं मलाही वाटायचं.

गाडी फिरत फिरत इंदापूर तालुक्यात शेळगावला आली. मालक शंभूराज. डाळिंबाची बाग, वय तिशीच्या आत, आणि गाडीचं वेड भलतंच. फडक्यानं पुसता पुसता तिच्याशी बोलायचा. त्याची धाकटी बहीण संस्कृती बारामतीच्या शाळेत चित्रकला शिकवायची. एसटी चुकली की दादाच्या शेजारी, माझ्याच बाजूला, येऊन बसायची. दाराला कोपर टेकवायची नि रस्ताभर बडबडायची. मधे नुसता पत्रा होता, त्यामुळे तिची सगळी गुपितं मला ठाऊक होती.

आता मुख्य रड सांगतो. अंथुर्ण्याला या दोघांचे चुलत आजोबा राहतात, सर्जेराव तात्या. त्यांच्याकडे आमच्याच जातीची, पण साठ वर्षांची गाडी आहे, अगदी पहिल्या पिढीतली. तिचं वजन सातशे वीस किलो आणि आमचं एक हजार ऐंशी! तात्यांना तेवढंच निमित्त पुरे. चारचौघांत म्हणायचे, "आरं शंभू, डिंकाचं लाडू खाल्ल्यागत सुटलीय की तुझी गाडी! शर्यतीचा बैल असा असतोय व्हय?"

लोक हसायचे. शंभूराजचे कान लाल व्हायचे.

मला बोलता येत असतं, तर तेव्हाच सांगितलं असतं. आमच्या गाड्या उगाच नाही लठ्ठ झाल्या. पहिल्या गाडीच्या दारात काही नव्हतंच, नुसता पत्र्याचा डबा. माणसं दगावली, कायदे झाले, मग दारात दांडे आले, पुढे-मागे भक्कम बंपर आले. पुढच्या मालकांना उकडायला लागलं, म्हणून एसी आला. आवाज नको म्हणून जाड अस्तर आलं. एवढं ओढायला इंजिन मोठं केलं, मोठ्या इंजिनाला आवरायला ब्रेक मोठे केले, मग चाकंही रुंद झाली. वजन असंच एकामागून एक वाढत गेलं. त्यात थोडी चैन होती, मी नाही म्हणत नाही. पण सगळीच चैन नव्हती.

गेल्या वर्षी पौषात तात्यांनी पैज लावली. "हजाराच्या आत आणून दाव. माघी गणेशजयंतीला माझी गाडी मोरगावपातूर तू चालवायची. शब्द हाय माझा!"

तात्या आपल्या गाडीला कुणाला हात लावू देत नाहीत. शंभूराज पेटलाच. एसी उतरवला. स्टेपनी, अस्तर, स्पीकर, सगळं बाहेर. प्रत्येक वेळी गाडी अंथुर्ण्याच्या भुईकाट्यावर वजनाला न्यायची. तिथं उसाच्या ट्रॉल्यांची रांग असायची. तिच्यात ही इवलीशी लाल गाडी पाहून ट्रॅक्टरवाले टाळ्या पिटायचे. काट्यावर मल्हार बसायचा. खिडकीतून डोकं काढून तो आकडा ओरडायचा. एक हजार चाळीस. एक हजार वीस. शेवटी एक हजार.

"आत पायजे, आत!" तात्या म्हणाले. "हजार म्हंजी आत न्हवं."

त्या संध्याकाळी शंभूराजनं दाराचं आतलं पॅनेल उचकटलं आणि मला पाहिलं. तीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या अंगावर उजेड पडला. मला वाटलं, आता हा विचारील, बाबा रे, तू इथं कशाला? त्यानं पाना लावला. माझे बोल्ट निघाले. माझ्या भावाचे मात्र गंजून बसले होते. पाना घसरला, बोटं सोलली, शंभूराजनं एक शिवी हासडली आणि त्याला तसंच सोडलं.

दुसऱ्या दिवशी गाडी काट्यावर. शंभूराज खिडकीखाली उभा.

"एक हजार!" मल्हार ओरडला.

"आरं, काढलंय की अजून!"

"मालक, ह्यो उसाचा काटा हाय, सोनाराचा न्हाय. धा-धा किलोनंच बोलतोय. तुमचं चार किलो त्याला दिसत न्हायत."

म्हणजे मी गेलो काय नि राहिलो काय, आकडा तोच. गणेशजयंती उजाडली, पैज हातची गेली. तात्या खो खो हसले. शंभूराज हिरमुसला आणि मला शेडमागं टाकून दिलं. "बसवू निवांत," म्हणाला. तो निवांतपणा काही आला नाही. शंभूराजच्या आईनं मला दोडक्याच्या वेलाला टेकू म्हणून रोवलं.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं नाही. घरात जे रडणं-बोलणं झालं, त्यावरून सांगतो. फाल्गुनातली सकाळ होती. संस्कृतीची एसटी चुकली. दादानं गाडी काढली. बारामतीच्या अलीकडे एका फाट्यावर डावीकडून भाजीचा पिकअप आला. वेग काही फार नव्हता. पण दार आत आलं, पार शिटापर्यंत. संस्कृतीचा खुबा मोडला, मांडीचं हाड दोन ठिकाणी तुटलं. शंभूराजला खरचटलंसुद्धा नाही. त्याच्या बाजूच्या दारात माझा भाऊ जागच्या जागी होता, आणि त्याला कुणी धडकलंच नाही.

माझी जागा जिथं होती, तिथंच तो पिकअप धडकला होता. मी तेव्हा दोडक्याखाली उभा होतो. मित्रांनो, लोखंडाला लाज वाटते का, असं तुम्ही विचाराल. मला वाटली.

शंभूराज सगळ्यांना सांगत राहिला, "पिकअपवाल्याची चूक." ते खरंच होतं, पण अर्धंच. गॅरेजात नवं दार बसवताना मिस्त्रींनी विचारलं, "आतला दांडा कुठाय?" तेव्हा यानं विषय बदलला. त्यानंतर तो शेडमागं यायचा बंद झाला. आलाच तर माझ्याकडे पाठ करून उभा राहायचा. घरात त्याला जेवण जात नव्हतं. आई म्हणायची, बहिणीची काळजी. मला खरं माहीत होतं, आणि मला तोंड नव्हतं.

सात महिने गेले. संस्कृती वॉकर घेऊन अंगणात फिरायला लागली. एकदा चालत चालत शेडमागं आली. शंभूराज तिच्या पाठोपाठ होता. तिनं वेलाखाली पाहिलं. चित्रं काढणारीची नजर ती! बोल्टांची भोकं तिनं लगेच हेरली.

"दादा, हे काय हाय?"

तो वेलाची पानं सारखी करू लागला.

"गाडीचं हाय नव्हं?"

"व्हय," तो म्हणाला. "तुझ्या दारातला दांडा. मीच काढला. पैजंसाठी." आणि एवढा मोठा माणूस खाली मातीत बसून हुंदके देऊन रडायला लागला.

संस्कृतीनं माझ्यावरची माती बोटानं पुसली. मग तिनं विचारलं, "किती कमी झालं वजन?"

"काय न्हाय. काट्यावर दिसलंच न्हाय."

तिनं वॉकर वळवला. तोंड फिरवून घरात गेली. दोन दिवस ती दादाशी बोलली नाही. तात्यांना कळलं, तसे ते आले. "माझ्या जिभेला हाड न्हाय," म्हणाले. "मोकळ्या डब्यात बसून जन्मभर मिरवलो, आन लेकीला मोडून ठेवलं." तिच्या पायाशी बसले, पण तिनं त्यांच्याकडेही पाहिलं नाही.

वडील म्हणाले, गाडी विकून टाका. गिऱ्हाईकही ठरलं. तेव्हा संस्कृती वॉकर टेकत बाहेर आली.

"विका," ती म्हणाली. "पर आदी त्यो दांडा बसव, दादा. उद्या त्या शिटावर कुणाचं तरी लेकरू बसंल."

शंभूराजनं मला उपटलं, घासलं, तेल लावलं. चार बोल्ट आवळले. प्रत्येक बोल्ट दोनदा. संस्कृती पायरीवर बसून पाहत होती. तिनं त्याला माफ केलं की नाही, मला अजून कळलेलं नाही.

आता मी परत अंधारात आहे. उद्या नवा मालक येईल. माझं नाव त्याला कुणी सांगणारही नाही. मित्रांनो, एखादी वस्तू बिनकामाची वाटली, तर काढण्याआधी एवढंच विचारा, ही इथं बसवली कुणी, आणि कुणासाठी? काट्याला विचारू नका. त्याला मी दिसत नाही.