आढ्याखालची फट

तिसऱ्यांदा प्रेमसिंगचा फोन आला तेव्हा मी शेलूबाजारच्या चौकात स्कूटरला शिडी बांधत होतो, आणि ती शिडी दुसऱ्याच गावाला जायची होती. "शफीकभाई, तुयं छप्पर पुन्हा गळलं," तो म्हणाला. आवाजात राग कमी आणि चेष्टा जास्त. राग परवडला असता.

मी पत्रे बसवतो. एकतीस वर्षं झाली. गुडघे गेले, उन्हात डोळे पाझरतात, झोपून उठलो तरी थकलेलाच असतो. पण "शफीकचं छप्पर गळत नाही" असं इथले लोक म्हणायचे, आणि खरं सांगतो, मी त्या एका वाक्यावर दिवस ढकलत होतो. आता प्रेमसिंगच्या तांड्यावर तेच वाक्य पाण्यात चाललं होतं.

काम तसं साधं. माळ्यावर प्रेमसिंग तूर-सोयाबीनची पोती ठेवायचा. मुलाचं, नवीनचं, लग्न ठरलं तेव्हा म्हणाला, माळ्याची खोली करून दे. गवंड्यानं भिंती उचलल्या, मी गंजके पत्रे काढले, लोखंडी पाइप टाकून नवे निळे पत्रे बसवले. दोन्ही उतार जिथे भेटतात त्या आढ्यावर पत्र्याची टोपी घातली आणि टोपीखाली जी फट राहते तिच्यात फोमची पट्टी ठासून भरली. प्रेमसिंगची अट एकच होती, आत थेंब येता कामा नये. मेमध्ये लग्न झालं. नवीन आठ दिवसांत पुण्याला कंपनीत परत गेला आणि त्या खोलीत त्याची बायको संगीता एकटी राहू लागली.

जूनमध्ये वाऱ्याचा पाऊस आला आणि पाणी आत. मी गेलो, चढलो, स्क्रू आवळले, रबराचे वायसर बदलले. पंधरा दिवसांनी पुन्हा पाणी. पुन्हा चढलो, एकेका स्क्रूच्या डोक्यावर सिलिकॉन थापलं. दोन्ही वेळा सगळं बाहेरून. नव्या सुनेच्या खोलीत परक्या माणसानं कशाला शिरायचं, असं मी म्हणायचो. खरं कारण हे की मला घाई होती. उंटावरून शेळ्या हाकत होतो.

तिसऱ्या खेपेला पोहोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. पावसानं ओढ दिलेली, ऊन नुसतं रणरणत होतं. प्रेमसिंग ओट्यावर दोन पाहुण्यांसोबत बसला होता. त्यांना ऐकू जाईल असं मला म्हणाला, "या डावानं नाही जमलं तं वाशीमहून दुसरा मिस्तरी आणतो. आतून-बाहेरून सारं पॅक करून घेतो. अन् बाजारात सांगतो मंग, शफीक बुढा झाला."

मी त्याच्या बायकोला, नानीबाईला, म्हणालो की आतून पाहावं लागेल. तिनं संगीताला खाली बोलावलं. डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून ती आली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिली. मी वर गेलो आणि दार लावून घेतलं. अंधारात जिथे उजेड दिसतो तिथे भोक, ही आमची जुनी रीत.

दार लावलं आणि जीव गुदमरला. पत्र्याखाली हात नेला तर न टेकवताच भाजत होतं. पंखा होता, तो गरम हवाच ढवळत होता. फरशीवर ओली साडी अंथरलेली, म्हणजे पोरगी दुपारी तिच्यावर झोपत असणार. खाली सासरा आणि त्याचे पाहुणे, मग सुनेनं जायचं कुठे? आढ्याकडे पाहिलं. ठिपका नव्हता, हातभर लांब उजेडाची रेघ होती. बरोबर पलंगाच्या वर. माझा फोम तेवढ्यापुरता सफाईनं कापून काढलेला होता.

मला पाच मिनिटंही बसवेना. एकतीस वर्षं मी छपरांवर बसलो, एकाही छपराखाली दुपारी बसून पाहिलं नव्हतं. लाज वाटली.

खाली आलो. "भेटलं भोक?" प्रेमसिंगनं विचारलं. दारातून संगीता माझ्याकडे पाहत होती. खरं बोललो तर माझं नाव वाचणार होतं, आणि तिचं काय होणार ते मला दिसत होतं.

"भाऊ, तुमी एकदा वर येऊन पाहा."

"सुनेच्या खोलीत?" तो दचकलाच. "आमच्यात सासरा तिथं पाय ठेवत नाही, माहीत नाही तुले?"

माहीत होतं. छपराचा निकाल देणारा माणूस त्या खोलीत जाऊ शकत नव्हता आणि खोलीत राहणारी त्याच्यासमोर बोलू शकत नव्हती. मी फार थकलो होतो. म्हणालो, "चूक मायी हाये. हवेले वाट ठेवली नाही म्या. टोपी वीतभर उचलून देतो, कडा खाली वाकवतो. पाणी येणार नाही, हवा येईन."

"पाणी गळून राह्यलं अन् तू हवेचं सांगून राह्यला!" पाहुणे हसले. "मंग दोनदा आला तं काय पाह्यलं तुनं?"

"नाही पाह्यलं," मी म्हणालो. संपलं. उद्या सगळ्या बाजारात बोभाटा होणार.

"चाचाची चूक नाही. थो फोम म्या काढला. विळ्यानं."

संगीता बोलली होती. घरात ते लोक गोरमाटी, त्यांची बंजारा बोली, बोलतात. ती वऱ्हाडीत बोलली, मलाही कळावं म्हणून. नानीबाई म्हणाली, "गप बस." प्रेमसिंगनं सुनेकडे पाहिलं नाही. बायकोला म्हणाला, "इचार तिले, काहून काढला?" दोघी हातभर अंतरावर उभ्या होत्या. नानीबाईनं तोंड उघडायच्या आत संगीता म्हणाली, "मामाजी, तुमीच वर जाऊन पाहा."

प्रेमसिंगनं एकदा पाहुण्यांकडे पाहिलं. मग उठला, जिन्याशी चपला काढल्या. "दार लावून बसा," मी मागून म्हणालो. दार लागल्याचं ऐकू आलं. पाहुण्यांपैकी एकानं तंबाखू मळायला घेतली, पण मळून झाली तरी तोंडात टाकली नाही.

प्रेमसिंग उतरला तेव्हा त्याची बंडी पाठीला चिकटली होती. तो शेवटच्या पायरीवरच बसला. मान खाली घालून, पण या वेळी सरळ तिलाच विचारलं, "इतले दिवस सांगतलं काहून नाही?"

"कोणाले सांगू, मामाजी?"

आढ्याची टोपी उचलायची होती. मी स्कूटरवरून पत्रा कापायची मशीन आणायला गेलो.