बादलीची परीक्षा

"इथे सही करा," म्हणत साहेबांनी वहीवर बोट ठेवलं. त्या बोटाला अत्तराचा वास येत होता. सगळा जन्म घोड्यांच्या लिदीत गेलेल्या मोतद्दाराला तोच वास जास्त घाण वाटला.

वही शिंगरांच्या जन्माच्या नोंदीची होती. शेवटच्या ओळीतली तारीख रबरानं इतकी घासली होती, की कागद तिथे पातळ झाला होता. साडेतीन महिन्यांचं शिंगरू एका रात्रीत साडेपाच महिन्यांचं झालं होतं.

"साहेब, ते अजून आईच्या पोटाखालून हलत नाही."

"मग हलवा. तुम्हाला ठेवलंय कशाला? घेणाऱ्याला दूध तुटलेलं शिंगरू हवंय आणि गुरुवारीच हवंय."

"दोन महिने थांबा म्हणावं. आता तोडलं तर अंग धरणार नाही."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "तबेल्यामागच्या खोलीत राहून तुम्हाला किती वर्षं झाली हो? नवा माणूस येतोय, त्याला जागा बघायचीय. म्हणून आपलं विचारलं."

मोतद्दारानं सही केली. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत त्याची सही कधी इतकी वळणदार आली नव्हती, आणि याचीच त्याला शिसारी आली.

तबेल्यातले लोक त्याला मास्तर म्हणत. कारण शिंगराचं दूध तोडायच्या आधी तो त्याची परीक्षा घ्यायचा. आईपासून दहा पावलांवर भरड्याची, म्हणजे भरडलेल्या दाण्याची बादली ठेवायची आणि आपण उकिडवं बसून मोजायचं, की खाताना ते आईला बघायला किती वेळा मान वर करतं. बादली संपेपर्यंत तीनदाच केली तर पास. चौथ्यांदा केली की बादली उचलायची आणि आठवड्यानं पुन्हा बसायचं. पास झालेल्या शिंगरांतही एका दिवशी एकाचीच आई न्यायची, बाकीच्यांच्या आया तिथेच ठेवायच्या. नेलेली घोडी टेकडीपलीकडच्या कुरणात सोडायची, म्हणजे हाक इकडून तिकडे पोचत नाही. "दिसलं नाही तर विसरतात, पण ऐकू आलं तर विसरत नाहीत," असं तो म्हणायचा. त्याच्या हातचं एकही शिंगरू कुंपणावर आदळून पाय मोडून बसलं नव्हतं. हे शिंगरू मागच्या परीक्षेत चौदा वेळा मान वर करून नापास झालं होतं.

सही वाळायच्या आत घोडी हलवली गेली, तीही टेकडीपलीकडे नाही, मागच्या शेडमध्ये. मध्ये एक भिंत. घेणाऱ्याला आईसुद्धा बघायची आहे, मग कुठे तिकडून आणत बसायचं, असं साहेब म्हणाले. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, पण इथे शहाण्याचं काहीच रिकामं होणार नव्हतं.

तीन दिवस भिंतीच्या अलीकडून एक ओरडत होतं आणि पलीकडून दुसरी. शिंगरानं दाराच्या फळीवर गुडघे सोलून घेतले. घोडीची कास दगडासारखी झाली. कास पिळून मोकळी करा, असा वरून हुकूम आला. मोतद्दारानं तो या कानानं ऐकला आणि त्या कानानं सोडला. पिळलं की पुन्हा दूध येतं, तसंच ठेवलं की आटतं. निदान एवढं तरी त्याच्या हातात होतं.

रात्री बायकोनं ताट वाढलं तेव्हा त्यानं ते बाजूला सारलं. "हाताला अत्तराचा वास येतोय," तो म्हणाला.

"तुमच्या? अत्तराचा?" ती म्हणाली. सहीची गोष्ट तिला तबेल्यातून कळली होती. ताट पुन्हा पुढे सरकवत ती म्हणाली, "मला खोलीचं कौतुक नव्हतं हो. निदान विचारायचं तरी."

या एका वाक्यानं त्याची उरलीसुरली झोपही गेली.

गुरुवारी घेणारा आला. त्यानं तबेल्याच्या दारातच नाकाला रुमाल लावला. साहेब त्याच्या पुढेपुढे करत दारं उघडत होते. मोतद्दार न सांगता आत गेला आणि भरड्यानं भरलेली बादली आणून शिंगरापुढे ठेवली. दूध तुटलंय की नाही ते घेणाऱ्यानंच बघावं.

शिंगरानं बादलीत तोंड घातलं, तसंच काढलं आणि मान ताठ करून भिंतीकडे ओरडलं. भिंतीपलीकडून उत्तर आलं. दाणा तसाच राहिला.

"आवाज खणखणीत आहे," घेणारा रुमालाआडून म्हणाला. "छाती चांगली दिसते."

साहेब हसले. मोतद्दारानं बादलीची कडी घट्ट धरली.

"हे साडेतीन महिन्यांचं आहे," तो म्हणाला. "आईचं पितं अजून. नेऊ नका."

साहेबांचा चेहरा उतरला. घेणाऱ्यानं मात्र शांतपणे वही मागून घेतली, ती ओळ शोधली आणि पातळ झालेल्या कागदावरून अंगठा फिरवला. त्याला सगळं कळलं होतं.

"ही सही कुणाची?"

"माझी."

"मग झालं तर," म्हणत त्यानं वही मिटली.

घेणाऱ्याच्या दोन माणसांनी कान धरून शिंगराला गाडीत ढकललं. मोतद्दारानं बादली ड्रायव्हरच्या हातात दिली. "भरडा कोमट पाण्यात भिजवून द्या. थोडा थोडा, दिवसातून पाच-सहा वेळा. याच बादलीत द्या, ती त्याच्या ओळखीची आहे." ड्रायव्हर बरं म्हणाला आणि त्यानं बादलीत आपली चप्पल टाकली.

साहेबांनी जाता जाता सांगितलं, की महिनाअखेर खोली मोकळी करा. त्यानं मान हलवली. सही करूनही खोली गेलीच होती.

तो मागच्या शेडमध्ये गेला. दूध आटायचं तर दाणा बंद करावा लागतो, म्हणून त्यानं घोडीपुढे नुसतं वाळलं गवत टाकलं आणि उकिडवा बसला. तिनं एक काडी ओढली, मान वर केली, कान भिंतीकडे लावले. भिंतीपलीकडे आता कोणी नव्हतं. तिनं दुसरी काडी ओढली आणि पुन्हा मान वर केली.

सवयीनं तो मोजत राहिला. तीन झाले, चार झाले. चारला बादली उचलायची असते. त्याचा हात पुढे गेला आणि तसाच गवतावर राहिला.